समोरच्याचे डोळे

गाडीवाल्याला गाडीच्या दिव्याकडून काय हवं असतं, हे कुणी मला विचारावं. साळवी स्टॉपला माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि निम्मं आयुष्य मी त्या काउंटरमागे काढलंय. गिऱ्हाईक येतं, काउंटरवर कोपर टेकवतं आणि म्हणतं, "जरा पावरफुल दे रे काहीतरी. पुढच्या वळणावरचा बेडूक दिसला पाहिजे." मी देतो. आठवडा जात नाही तोच तो परत हजर, आणि या खेपेला समोरून येणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला. "लेकाचे कसले हॅलोजन लावतात, आंधळं करतील एखाद्याला!" म्हणजे ह्याला स्वतःला सूर्य पाहिजे आणि समोरच्याच्या गाडीला समई. ट्रकवाला तसा, डॉक्टर तसा, नवी गाडी घेतलेला प्राध्यापकही तसाच. सगळे एका माळेचे मणी. समोरच्याच्या डोळ्यांचा आधी विचार करणारा माणूस मला उभ्या जन्मात एकच भेटला, ते म्हणजे नाना बेहेरे. आणि त्याच विचारापायी त्यांच्या घराचं वाटोळं झालं. आजही कुणी दिव्याचा विषय लांबवला की माझं तोंड कडू होतं.

नाना आमच्या हायस्कूलात चित्रकला शिकवायचे. मीही त्यांच्याच हाताखालचा. माझ्या कागदावर हापूसचा बटाटा व्हायचा आणि नाना म्हणायचे, "सुहाश्या, तू मोठेपणी बटाटे वीक." वर्गात फळ्यावर ते हाताने वर्तुळ काढायचे. दोरी नाही, खडूचा कंपास नाही. एकदा हात फिरला की जिथून निघाला तिथंच येऊन मिळायचा. उंच, हाडकुळा माणूस, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नखांत कायम कसला तरी रंग. आमच्या आळीत माझ्या घरासमोरच त्यांचं घर. दारात सायीच्या रंगाची जुनी फियाट, आणि फियाटच्या डिकीत काळ्या ऑइलपेंटचा डबा. त्यांच्या बायकोच्या, शालूकाकूंच्या, जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला एक चपटा ब्रश त्याच्या शेजारी.

हा काळा रंग कशाला, हे आजच्या पोरांना सांगावं लागेल. तेव्हा गाड्यांच्या दिव्यांवर काळं फासायची पद्धत होती. रस्ता सुरक्षेचा आठवडा आला की पोलीस नाक्यावर डबा घेऊन उभे राहायचे आणि येईल त्या गाडीच्या दिव्यावर ठिपका मारायचे. उजेड वर जाऊ नये, समोरच्याच्या डोळ्यांवर येऊ नये, हा त्यामागचा हेतू. पण पोलिसांचं काम ते पोलिसांचंच. ब्रश बुचकळला, फासला, जा पुढे. नानांना ते बघवायचं नाही. एका वर्षी त्यांनी सरळ हवालदाराच्या हातातून ब्रश काढून घेतला. "असं नसतं ते. दे इकडे." आणि अख्खी सकाळ मारुती मंदिराच्या चौकात उन्हात उभं राहून त्यांनी गाड्या रंगवल्या. पोलिसांचा ठिपका रुपयाएवढा. नानांचा म्हणजे काचेचा वरचा अर्धा भाग पुरता काळा, आणि खालची रेघ अशी की वाटावं पट्टी लावून मारलीय. हवालदार सावलीत बसून चहा प्यायला. त्याचं काय जात होतं?

तेव्हापासून नानांना तो नादच लागला. पोलिसांचा आठवडा वर्षातून एकदा यायचा, नानांचा बारमाही. दुकानासमोर कुणाची गाडी उभी दिसली की वाकून दिवे बघायचे. काळं नसलं तर मालकाला शोधायचे. "अहो, डोळे समोरच्यालाही दिलेत देवाने," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्याला नाही म्हणणार कोण? अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलेलं, उरलेल्या अर्ध्याच्या पोरांना शिकवलेलं. माणूस मुकाट्याने बाजूला व्हायचा आणि नाना उकिडवे बसून त्याच्या दिव्यावर अर्धा चंद्र चढवायचे.

स्वतःची फियाट ते कशी चालवायचे ती एक वेगळीच करमणूक. समोरून सायकल आली तरी डिपर मारून दिवा खाली. चालत माणूस आला तरी डिपर. म्हशी आल्या तर दिवे साफ बंद करून, गाडी कडेला घेऊन थांबायचे. आमच्या नाक्यावर म्हणायचे, समोरून काजवा आला तरी नाना डिपर मारतील. एकदा पावसच्या रस्त्यावरच्या अरुंद पुलावर समोरून एसटी आली, अप्पर लावून, झोत थेट डोळ्यांवर. नानांनी फियाट पुलाच्या मधोमध उभी केली, उतरले, आणि हात वर करून एसटीसमोर जाऊन उभे राहिले. ड्रायव्हर शिव्या द्यायला म्हणून बाहेर डोकावला आणि गार पडला. "सर, तुम्ही?" विद्यार्थीच निघाला.

"खाली कर आधी दिवा."

"केला सर."

"मी नसतो तर केला असतास?"

नाना डिकीकडे वळले तसा तो कळवळून म्हणाला, "सर, रंग नको. सरकारी गाडी आहे. पगारातनं कापतील माझ्या." नानांनी डबा ठेवला, पण जाता जाता सुनावलं, "सरकारला डोळे नाहीत रे. समोरच्याला आहेत." गाडीत बसलेल्या बायाबापड्यांनी ही गोष्ट पावसपासून गोळपपर्यंत पोचवली.

या सगळ्याचं मूळ एका जुन्या अपघातात होतं. मिलिंद, म्हणजे नानांचा मुलगा, शाळेत होता तेव्हाची गोष्ट. नाना आणि शालूकाकू स्कूटरवरून लग्नाहून परत येत होते. समोरून ट्रक आला, त्याचा झोत नानांच्या डोळ्यांवर आला आणि स्कूटर गटारात गेली. नानांना खरचटलंसुद्धा नाही, काकूंचा पाय मोडला. तो जोडला, पण आखूड बसला. तेव्हापासून काकू लंगडतात. नाना ती हकिगत सांगताना आवाज चढवायचे, "ट्रकवाला थांबलासुद्धा नाही! त्याच्या दिव्याने हिचा पाय घेतला." आणि काकू आतून चहा आणता आणता म्हणायच्या, "दिव्याचं काय सांगता? चष्मा लग्नघरी विसरून आला होतात, तेही सांगा की." आम्ही हसायचो. नानाही हसायचे, पण जरा उशिराने.

रिटायर झाल्यावर नानांचं हे प्रकरण फारच वाढलं. दुकानाबाहेरच्या बाकावर संध्याकाळी येऊन बसायचे आणि समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांकडे बघत कण्हल्यासारखं करायचे. "काय रे हे दिवे! दिवसेंदिवस वाढतच चाललेत. प्रत्येक दिव्याला काटे फुटलेत बघ." एकदा त्यांनी माझ्याकडचा बल्बचा रिकामा खोका घेतला आणि पेन्सिलीने त्यावर दिवा काढून दाखवला. मधे पांढरा गोळा आणि भोवती साळिंदरासारखे लांबलांब काटे. "हे असं येतं अंगावर," म्हणाले. मी म्हटलं, नाना, मला तर असे काटेबिटे दिसत नाहीत. तर म्हणाले, "तू विकतोस ना, तुला कसे दिसतील?" घ्या! ऐकून घेतलं मी. मास्तरांना उलट बोलायची आमची रीत नव्हती.

आता एक गोष्ट सांगतो, जी त्या वेळी आख्ख्या साळवी स्टॉपला ठाऊक होती आणि फक्त नानांना नव्हती. नानांनी रंगवलेले दिवे कुणीही तसेच ठेवत नसे. अर्धा दिवा काळा म्हणजे उजेड बोनेटपुढे चार पावलांवर पडणार. घाटवळणाच्या आमच्या मुलखात तेवढ्यावर गाडी हाकायची कशी? म्हणून नाना रंगवून घराकडे वळले की गाडीवाले माझ्या दुकानाच्या मागल्या बाजूला यायचे. तिथं खिळ्याला एक बोळा टांगलेला असायचा, पेट्रोलमध्ये भिजवलेला. रंग ओला असतानाच पुसला की काच लख्ख. मिरकरवाड्याचा सलीम, बर्फातली मासळी टेम्पोने कोल्हापूरला न्यायचा, तो तर नाना समोर बसून रंगवत असतानाच मला डोळा मारायचा. "काका, बोळा भिजवलाव ना?" पुन्हा नानांशी गोड बोलायचा, "बरं झालं नाना, लय उपकार झाले." यात कुणाला काही वाईट वाटत नव्हतं. म्हाताऱ्या मास्तरांचं मन राखलं आणि आपली वाटही राखली, एवढाच हिशेब. नानांच्या हातचा रंग अंगावर ठेवून फिरणारी गावात एकच गाडी होती, ती मिलिंदची.

मिलिंद माझ्यापेक्षा बराच लहान, पण दोस्तासारखा. बी. कॉम. होऊन दोन वर्षं नोकरी शोधत फिरला. मग कोकण रेल्वे सुरू झाली, स्टेशनवर मुंबईची माणसं उतरायला लागली, गणपतीपुळे नि पावस करायला गाड्या मागायला लागली, तशी त्याने एक जुनी सुमो घेतली. धंदा चांगला चालला. हसतमुख पोरगा, बोलका. प्रवाशांना आंबोळी कुठे मिळेल इथपासून देवाला कुठला नवस बोलावा इथपर्यंत सगळं सांगायचा. आळीच्या तोंडाशी आला की दोनदा बारीक हॉर्न द्यायचा आणि काकू चहाचं आधण ठेवायच्या. सुमो घरी आली त्याच दिवशी नानांनी पूजेआधी तिचे दिवे रंगवले. हळदकुंकू नंतर, काळं आधी.

त्या वर्षीच्या पावसाच्या तोंडावर मिलिंद दुकानात आला. म्हणाला, "सुहासदादा, नव्वद-शंभर वॅटचे बल्ब बसवून दे, रिले लावून. निवळीच्या उतारावर काही म्हणजे काही दिसत नाही. त्यातून पाऊस." मी बल्ब काढतच होतो, तेवढ्यात नाना बाकावरून उठून आत आले. ऐकलं होतं त्यांनी.

"काय चाललंय?"

"बाबा, उजेड कमी पडतो. माणसं असतात गाडीत."

"समोरून येणाऱ्याच्या गाडीत माणसं नसतात?"

"असतात. पण मला रस्ता दिसायला नको?"

"हळू चालव. हळू चालवणाऱ्याला सगळं दिसतं." नाना तेव्हा खरोखर चिडले होते. "तुझ्या आईचा पाय बघतोस ना रोज? तसा दुसऱ्या कुणाचा करायचाय?"

आईच्या पायाचं नाव निघाल्यावर त्या घरात वाद संपायचे. त्याने बल्बचे खोके माझ्याकडे सरकवले. नाना म्हणाले, "आणि हात लावायचा नाही त्या रंगाला. माझी शपथ आहे." तो "बरं" म्हणाला. नाना गेल्यावर मी त्याला मागच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. म्हटलं, अरे सगळे पुसतात, तू पण पूस, कुणाला कळणार आहे? तर हसला. "सगळ्यांचं वेगळं, दादा. माझे ते बाप आहेत. शपथ घातलीय त्यांनी." आणि शीळ घालत गेला.

श्रावणात गेला तो. स्टेशनवरून मुंबईचं एक जोडपं घेऊन गणपतीपुळ्याला निघाला होता. तिन्हीसांजा, वरून पाऊस. निवळीच्या उतारावर वळणाच्या पलीकडे जांभ्या चिऱ्यांनी भरलेला ट्रक स्प्रिंगचा पाटा तुटून उभा होता. मागचा दिवा नाही. ड्रायव्हर मेस्त्री आणायला गेलेला. आपल्याकडे अशा वेळी करतात तसं त्याने ट्रकच्या मागे आंब्याची फांदी बांधली होती आणि रस्त्यात दोन चिरे टाकले होते. सुमो त्या ट्रकमध्ये घुसली. मागे बसलेली बाई हातापायावर निभावली. पुढे बसलेला तिचा नवरा बरगड्यांवर निभावला. मिलिंद जागच्या जागी गेला.

सिव्हिल हॉस्पिटलात आळीतले आम्ही सगळे होतो. त्या नवऱ्याचा जबाब घ्यायला हवालदार आला तेव्हा नाना भिंतीला टेकून उभे होते. हवालदाराने विचारलं, "समोरून काही आलं होतं?"

"नाही हो. रस्ता पूर्ण मोकळा होता. गाडीही बेताने होती. पण उजेडच पडत नव्हता पुढे. फांदी दिसली तेव्हा ती काचेवरच होती."

आम्ही सगळ्यांनी ऐकलं. नानांनीही ऐकलं. क्षणभर त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हे इथेच कोसळणार. मग त्यांनी मान हलवली, शाळेत चुकीचं उत्तर आल्यावर हलवायचे तशी. "त्यांना धक्का बसलाय. आठवत नसेल त्यांना. कोणीतरी आला असणार. अप्पर टाकून गेला असणार, तो काय थांबतोय? मिल्याचे डोळे दिपले असणार." आणि मग जो भेटेल त्याला तेच सांगत राहिले. सुतकात भेटायला येणाऱ्या माणसाला ते दारातच धरायचे. "दिव्याने घेतला हो माझा पोरगा." माणूस मान डोलवायचा. दुसरं काय करणार होता तो?

काकूंनी मला परसदारी बोलावलं. एका रात्रीत म्हातारी झालेली बाई. म्हणाल्या, "सुहास, तिकडे नाक्यावर काय बोलतात ते मला कळतं रे. लोकांना तोंडं आहेत नि मला कान आहेत. पण यांना कुणी काही सांगू नका. एवढं एकच धरून जगताहेत. तेही काढून घेतलंत तर मला दुसरंही माणूस पोचवावं लागेल." मी नाक्यावर सगळ्यांना बजावून सांगितलं. कुणी तोंड उघडलं नाही. चष्म्याचा तो जुना विनोदही काकूंनी पुन्हा कधी केला नाही.

सुतक फिटलं तसे नाना डबा घेऊन बाहेर पडले. काकू दारापर्यंत लंगडत आल्या. "अहो, नका ना आता."

"दुसऱ्या कुणाचा मिलिंद वाचेल," नाना म्हणाले आणि निघाले.

पूर्वी ते दिसेल त्या गाडीला धरायचे, आता गाड्याच त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहायला लागल्या. रिक्षा, टेम्पो, वडापच्या जीपगाड्या, सगळ्या. कुणी हसत नव्हतं, कुणी डोळा मारत नव्हतं. नाना एकापुढून उठून दुसऱ्यापुढे बसायचे. पण त्यांची रेघ आता सरळ येत नव्हती. रंग खाली ओघळायचा, नाना तो बोटाने टिपायचे आणि बोट शर्टाला पुसायचे. जो माणूस फळ्यावर हाताने वर्तुळ काढायचा, त्याची ही अवस्था. मला दुकानात बसवेना. पुढच्या दोन दिवसांत बरेच जण मागल्या खिळ्याकडे आलेच नाहीत. लाज वाटली असेल. पण पोट प्रत्येकाला आहे, रस्ता प्रत्येकाला दिसावा लागतो. हळूहळू एकेक जण येऊन बोळा घ्यायला लागला, चोरासारखा. सलीम सगळ्यात शेवटी आला. दिवा पुसता पुसता तो रडत होता, चांगला हुंदके देऊन. म्हणाला, "आमी सगल्यांनी पुसलान काका. त्यानं येकल्यानं नाय पुसलान." मी म्हटलं, गप रे बाबा, कोणीतरी ऐकेल.

पुढे वर्षभराने नानांना फारच दिसेनासं झालं. जिन्याची पायरी चुकायला लागली, भात पानाबाहेर पडायला लागला. काकू हटून बसल्या, चिपळूणला दिलेल्या लेकीला बोलावून घेतलं आणि डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. डॉक्टर म्हणाला, हे आजचं नाही, पुष्कळ वर्षांचं आहे. नानांना कशाचंच सोयरसुतक नव्हतं. करा काय करायचं ते, म्हणाले. काकूंनी मात्र देव पाण्यात घातले. एकेक करून दोन्ही डोळे झाले. काळा चष्मा लावून दिवाळीपर्यंत बहुतेक घरातच होते. काकूंच्या चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी थोडं तेज आलं होतं. मला म्हणाल्या, "आज सुईत दोरा ओवून दिलान रे त्यांनी मला."

काळा चष्मा सुटला त्या संध्याकाळी नाना दुकानावर आले. पुष्कळ दिवसांनी आले म्हणून मी चहा मागवला. थंडीचे दिवस, लवकर अंधारत होतं. स्टेशनाकडून गाड्या गावात उतरत होत्या, दिवे लावलेल्या. नाना बाकावर बसून बघत राहिले. एक गेली, दुसरी गेली. मला वाटलं, आता सुरू होणार. पण चहा गार झाला. मग अगदी हळू म्हणाले,

"सुहास, हल्ली दिवे कमी केलेत का रे?"

मी आपला हिशेब लावत होतो. वर न बघताच बोललो, "कुठले कमी, नाना! उलट वाढलेत. आता तर निळे यायला लागलेत."

"मग काटे कुठे गेले?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं, ते काटे दिव्यांचे नव्हते, मोतीबिंदूचे होते. मी वर बघितलं. नाना माझ्याकडे बघत नव्हते. रस्त्याकडे तोंड होतं आणि प्रत्येक येणाऱ्या गाडीच्या दिव्याकडे ते सरळ, डोळे न मिटता बघत होते.

"काटे गेले रे," ते म्हणाले. "नुसते दिवे आहेत. पूर्वी होते तसे."

मी काहीतरी सारवासारव करायला गेलो. त्यांनी हात वर केला. आता ते बाकावरून पुढे वाकून बघायला लागले होते. सलीमचा टेम्पो गेला. वडाप गेली. दोन रिक्षा गेल्या.

"एकावरही काळं नाही."

मी हिशेबाची वही मिटली.

"परवा नाही का रंगवली मी ती रिक्षा? गण्याची ना ती? घरातनं उठून आळीच्या तोंडाशी आलो होतो, चष्मा लावून."

"हो नाना."

"पुसतात?"

दुकानातून मागचं दार सताड उघडं दिसत होतं, आणि खिळ्याला तो बोळा, काळाकुट्ट झालेला. नानांची नजर माझ्या मागे गेली आणि तिथंच थांबली. इतकी वर्षं ते त्या बाकावर बसत होते, त्यांना तो कधी दिसला नव्हता.

"सगळेच?"

"ओला असताना पुसतात, नाना. तुमचं मन मोडवत नाही कुणाला, म्हणून तुमच्या पाठी पुसतात."

"मिल्याने?"

काकूंचे शब्द माझ्या कानात होते. एक शब्द खोटा बोलायचा होता. हो म्हणायचं, त्यानेही पुसलं होतं, तो तुमच्या रंगामुळे नाही गेला. पण नानांनी चाळीस-पन्नास पोरांच्या वर्गात कोण खोटं बोलतंय ते पाठमोरं राहून ओळखलं होतं, आणि आता तर त्यांचे डोळेही स्वच्छ झाले होते. मी बोलायच्या आधीच माझ्या तोंडाकडे बघून त्यांना उत्तर कळलं होतं.

"नाही, नाना. त्याने नाही पुसलं."

ते मान हलवत राहिले. "शहाणा मुलगा," म्हणाले. "पहिल्यापासून शहाणा." मग उठले, चपला पायात सरकवल्या आणि घराच्या दिशेने चालू लागले. मी शटर ओढून मागोमाग गेलो, त्यांना कळू न देता. ते नीट चालले होते, एकाही खड्ड्यात पाय पडला नाही. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या उजेडात ते स्वच्छ दिसत होते.

त्यानंतर डबा आणि ब्रश कुठे गेला कुणास ठाऊक. नानांनी रंगाचं नाव काढलं नाही, दुकानावरही आले नाहीत. काकूंनी मला एका शब्दाने विचारलं नाही, आणि ते मला बोल लावण्यापेक्षा जड गेलं. पुढच्या उन्हाळ्यात लेक दोघांना चिपळूणला घेऊन गेली. घर बंद झालं. दोन पावसाळ्यांनी नाना गेल्याचं कळलं. पण ते गावातून जायच्या आधी एकदा मला दिसले होते, आणि नाना म्हटलं की फळ्यापुढचे, फियाटमधले नाना आठवायच्या आधी मला तेच नाना आठवतात.

एका गिऱ्हाइकाची स्कूटर सोडवायला मी पोलीस ठाण्यात गेलो होतो. दुपारची वेळ, रणरणतं ऊन. ठाण्यामागच्या आवारात अपघातातल्या गाड्या टाकलेल्या असतात, गंजत, वेली चढलेल्या. त्यात मिलिंदची सुमो होती. उजवी बाजू चेपून आत गेलेली, डावा दिवा मात्र शाबूत. त्या दिव्यापुढे नाना उकिडवे बसले होते. हातात दाढीचं पातं आणि काकूंच्या लुगड्याची चिंधी. काळा अर्धा चंद्र खरवडत होते.

मी जवळ जाऊन उभा राहिलो. "नाना, उन्हात कशाला बसलात? द्या, मी काढतो."

त्यांनी वर बघितलं नाही. "पेट्रोल आणलं होतं मी. पेट्रोलने जात नाही रे हे. वाळलंय." पातं काचेवर किरकिरत होतं. बोटातून थोडं रक्त आलं होतं, तेही चिंधीने पुसत होते. "ओलं होतं तेव्हाच पुसायला हवं होतं."

मी तसाच उभा राहिलो. कितीतरी वेळाने काच मोकळी झाली. नानांनी ती चिंधीने पुसली, तोंडाची वाफ घालून परत पुसली. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले. मला वाटलं, सवयीप्रमाणे आता चार पावलं मागे जातील आणि समोरून दिवा कसा दिसतो ते बघतील. ते तसे गेले नाहीत. वेली बाजूला सारत गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला गेले. दार उघडत नव्हतं. खिडकीची काच फुटलेलीच होती. त्यांनी तिथून मान आत घातली, मिलिंदची मान जिथे येत असेल तिथे आणली, आणि फुटक्या काचेतून पुढे बघत राहिले.

मी स्कूटरला किक मारली. त्या आवाजानेही त्यांनी वळून पाहिलं नाही.